दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं तर कुठे? शिबिर, रक्तपेढी आणि ई-रक्तकोष यांची तपासणी

पहिलं रक्तदान कुठेही केलं तरी चालतं. गणपतीच्या मांडवात, कॉलेजच्या जिमखान्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. वातावरण तयार असतं, ओळखीचे चार जण सोबत असतात, काम होऊन जातं. खरा प्रश्न तिसऱ्या आणि सहाव्या वेळी पडतो. तेव्हा मांडव नसतो, कोणी हाक मारत नाही, आणि कुठे जायचं, किती वाजता जायचं हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. त्यामुळे इथे रक्तदानाकडे सरळ एक सेवा म्हणून पाहिलं आहे आणि कसोटी एकच लावली आहे: ही सेवा दात्याला पुन्हा येणं सोपं करते की नाही? महाराष्ट्रातल्या दात्यापुढे मुख्यतः तीन दारं असतात. शिबिर, रक्तपेढी आणि सरकारचं ई-रक्तकोष हे संकेतस्थळ.

शिबिर: सुरुवातीला उत्तम, सवयीला कच्चं

शिबिर आपल्या दारात येतं, हा त्याचा मोठा गुण. रजा टाकावी लागत नाही, रिक्षा करावी लागत नाही. स्वेच्छेने जमा होणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा आजही शिबिरांतूनच येतो, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अडचण त्यांच्या तारखांची आहे. २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट, गणपती, आणि मधेमधे स्थानिक नेत्यांचे वाढदिवस. सगळी शिबिरं याच दिवसांभोवती गर्दी करतात. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, लाल पेशी वेगळ्या करून त्यांच्यासाठीचं खास द्रावण घातलं तर ४२ दिवस, आणि प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एका दिवशी पाचशे पिशव्या जमल्या की त्यांची मुदतही एकदमच संपते. उलट एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि दिवाळीच्या सुट्टीत चणचण असते. परीक्षा, गावाला जाणं, ऊन. शिबिरं भरवणारेच जागेवर नसतात. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना मात्र मे महिन्यातही दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

अंतराचा हिशेबही शिबिरांच्या तारखांशी जुळत नाही. पुरुषांसाठी दोन रक्तदानांत किमान ९० दिवस आणि स्त्रियांसाठी १२० दिवस हवेत. लोक ‘तीन महिने’ मोजतात. लीप वर्ष नसेल तर १ फेब्रुवारी ते १ मे हे ८९ दिवस होतात, आणि महाराष्ट्र दिनाच्या शिबिरात असा दाता नियमाने परत पाठवावा लागतो. २६ जानेवारीला दिलं असेल तर २६ एप्रिलला बरोबर ९० भरतात. फोनच्या कॅलेंडरमध्ये महिने न मोजता दिवस मोजावेत.

शिबिरात गेल्यावर पाहायची पहिली गोष्ट म्हणजे फॉर्म कोण भरतंय. घाईत कार्यकर्ता सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’वर खुणा करून फक्त सही घेतो, हा शिबिरांतला सगळ्यात मोठा दोष. तो फॉर्म दात्याचं आणि रुग्णाचं, दोघांचंही संरक्षण आहे, तो स्वतः वाचूनच भरावा. दुसरी गोष्ट, डॉक्टर प्रत्यक्ष हजर आहे का. तिसरी, खाट आहे की साधी खुर्ची. चक्कर आली तर पाय वर करता येतील अशी सोय लागते. आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी दोनला पंख्याविना शिबिर चालू असेल तर सकाळी पहिल्या तासात जावं, नाहीतर त्या दिवशी सोडून द्यावं.

भेटवस्तूंबद्दल थोडं कडक बोलायला हवं. प्रमाणपत्र, बिल्ला, चहा-नाश्ता इथपर्यंत ठीक. हेल्मेट, ट्रॉली बॅग, पाण्याचे जार वाटायला लागले की दाता खरं सांगेनासा होतो. दोन महिन्यांपूर्वी डेंगू झाला होता किंवा पाच महिन्यांपूर्वी गोंदवून घेतलं होतं, हे सांगितलं तर बॅग जाते. मोठी बक्षिसं जाहीर करणारं शिबिर आमच्या मते टाळण्याजोगं.

रक्तपेढी: सवय लागते ती इथेच

रक्तपेढ्या साधारण दोन तऱ्हेच्या. एक रुग्णालयाला जोडलेल्या, जशी पुण्यात ससूनची किंवा मुंबईत केईएमची. दुसऱ्या विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या, जशी पुण्याची जनकल्याण. रुग्णालयाच्या आवारात पार्किंग आणि रांग दोन्ही त्रासाची. स्वतंत्र पेढीत दात्याकडे लक्ष जास्त, पण ती घरापासून लांब असू शकते. नियमित दात्याने नाव पाहू नये, अंतर पाहावं. घर आणि कामाच्या वाटेवर जी पडते ती आपली.

जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: दाते किती ते किती वेळात घेता, रविवारी चालू असतं का, आणि आज माझ्या गटाची गरज आहे का. रुग्णांसाठी रक्त देण्याची खिडकी चोवीस तास उघडी असली तरी दात्यांची खोली रात्री बंद असू शकते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘साठा भरपूर आहे, दोन आठवड्यांनी या’ असं मिळालं, तर ती पेढी चांगली समजावी. प्रामाणिकपणाची याहून सोपी पारख नाही.

आत गेल्यावरचा क्रम ठरलेला. फॉर्म, वजन, रक्तदाब, नाडी, हिमोग्लोबिन, डॉक्टरांशी दोन मिनिटं, मग खाट. वय १८ ते ६५. पहिल्यांदाच देणारा ६० च्या पुढचा नको. वजन किमान ४५ किलो, मग ३५० मिलिलिटर घेतात. ५५ किलोच्या पुढे ४५० घेता येतात. वरचा रक्तदाब १०० ते १४०, खालचा ६० ते ९०, नाडी मिनिटाला ६० ते १००. धापा टाकत जिना चढून लगेच कफ बांधून घेतला तर आकडा उगाच वर जातो आणि परत फिरावं लागतं. पाच मिनिटं बसावं, मग मोजायला सांगावं.

हिमोग्लोबिन १२.५ लागतं, स्त्री-पुरुष दोघांनाही. ते मोजण्याची जुनी रीत म्हणजे मोरचुदाचं निळं द्रावण. त्याचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेलं असतं. बोटातला थेंब एक सेंटिमीटरवरून त्यात सोडायचा. १५ सेकंदांत सरळ तळाला गेला तर १२.५ किंवा जास्त, मधेच थबकला किंवा वर आला तर कमी. स्वस्त आणि जलद आहे, पण त्यात दोन खोट आहेत. बोट पिळून थेंब काढला की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि चांगलं रक्तही तरंगतं. आणि दिवसभर तीच बाटली वापरली तर द्रावण बिघडतं. नियमित दात्याच्या दृष्टीने याहून मोठी अडचण अशी की यात फक्त पास-नापास कळतं, आकडा कळत नाही. गेल्या वेळी १४.६ होतं, या वेळी १३.१ आहे, ही घसरण दिसायला हवी. म्हणून हातातल्या छोट्या यंत्रावर आकडा देणारी पेढी निवडावी आणि तो आकडा दरवेळी फोनमध्ये लिहून ठेवावा.

खाटेवर काय चाललंय हे माहीत असलं की भीती निम्म्याने कमी होते. सुई १६ गेजची असते, सलाइन लावतात तिच्याहून जाड, कारण बारीक सुईतून लाल पेशी फुटतात आणि वेळही फार लागतो. कोपराच्या खोबणीतली त्वचा जंतुनाशकाने घासून किमान अर्धा मिनिट आणि पुरती वाळेपर्यंत थांबायचं असतं. वाळलेल्या जागेवर टेक्निशियनने शीर चाचपायला पुन्हा बोट लावलं तर पुन्हा पुसायला सांगावं. यात संकोच नको, कातडीवरचे जंतू पिशवीत गेले तर २० ते २४ अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेट्समध्ये ते वाढतात. चांगल्या पिशवीला बाजूला एक छोटी थैली असते, पहिलं थोडं रक्त तिच्यात जातं. तपासणीचे नमुने तिथूनच घेतात, आणि सुईने सोबत नेलेला त्वचेचा सूक्ष्म तुकडाही तिथेच अडकतो.

३५० मिलिलिटरच्या पिशवीत ४९ मिलिलिटर रक्त गोठू न देणारं द्रावण आधीच असतं, ४५० च्या पिशवीत ६३. प्रमाण ठरलेलं असल्याने अर्धवट भरलेली पिशवी वापरता येत नाही. मधेच धार बंद पडली तर दात्याचं रक्त गेलेलं असतं आणि रुग्णालाही मिळत नाही. पिशवी डोलवत वजन करणारं यंत्र असेल तर भरली की ते स्वतःच नळी दाबून बंद करतं. नसेल तर कोणीतरी हाताने हलवत राहायला हवं, नाहीतर तळाशी गुठळी होते. पाच ते दहा मिनिटांत पिशवी भरते. फार रेंगाळली तर लाल पेशी वापरतात, पण प्लेटलेट्स आणि प्लाझ्मासाठी ती घेत नाहीत. म्हणून मूठ पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबावी, सतत आवळून धरू नये.

सुई लागल्यावर बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली तर नस दुखावली आहे, लगेच सुई काढायला सांगावं. ‘थोडं सहन करा’ हे उत्तर ऐकू नये. सुई निघाल्यावर कोपर दुमडून बसायची आपल्याकडे सवय आहे. तीच चुकीची, हात सरळ, थोडा वर, आणि कापसावर दुसऱ्या हाताने पाच मिनिटं दाब. दुमडलेला कोपर उघडताना भोक पुन्हा उघडतं आणि दुसऱ्या दिवशी दंड काळा-निळा दिसतो.

चक्कर येते ती बहुधा रक्त कमी झाल्यामुळे नाही, तर भीती, रिकामं पोट आणि पाणी कमी प्यायल्यामुळे नाडी आणि दाब एकदम उतरल्याने. अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी, जेवणानंतर चार तासांच्या आत जाणं, आणि सुई निघेपर्यंत पाय एकमेकांवर टाकून मांड्या पाच सेकंद आवळणं, सोडणं. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. दान झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगतात, ते चहा-बिस्किटांसाठी नव्हे. घसरण कधीकधी उशिरा येते: स्वच्छतागृहात उभं असताना, किंवा गर्दीच्या लोकलमध्ये दांडीला लटकताना. डोकं हलकं वाटलं तर जिथे असाल तिथे खाली बसावं. मुंबईकराला फलाटावर बसायची लाज वाटते, पण पडून हनुवटी फुटण्यापेक्षा ते बरं.

चौथ्या वेळी हिमोग्लोबिन का भरत नाही

उत्साहाने सुरुवात केलेला दाता गळतो तो बहुतेक इथे. गेल्यावर ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ ऐकतो, घरी येतो, आणि पुन्हा जात नाही. जाहिराती ‘४८ तासांत रक्त भरून निघतं’ असं म्हणतात. ते प्लाझ्माबद्दल खरं आहे, म्हणजे पाण्याबद्दल. लाल पेशींना चार ते आठ आठवडे लागतात. लोहाला त्याहून कितीतरी जास्त.

हिशेब असा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह. ३५० मिलिलिटरमागे १६० ते १७५ मिलिग्रॅम जातं, ४५० मागे २०० ते २५०. निरोगी पुरुषाच्या शरीरात साठवलेलं लोह हजार मिलिग्रॅमच्या आसपास, पाळी येणाऱ्या स्त्रीच्या शरीरात तीनशेच्या आसपास. जेवणातून रोज अंगात मुरतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेत संपतं. साठा घटला की आतडं थोडं जास्त ओढून घेतं, तरी ९० दिवसांत गणित पुरतं जुळत नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गोळ्या न घेणाऱ्या दात्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांचा लोहाचा साठा १६८ दिवसांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. रोज ३७.५ मिलिग्रॅम लोह घेणारे त्याहून खूप लवकर सावरले.

म्हणजे नियम ९० दिवसांनी परवानगी देतो, शरीर देईलच असं नाही. आमचं मत: पुरुषांनी वर्षातून तीनदा, चौथी वेळ हिमोग्लोबिन १४ च्या वर असेल तरच. पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी वर्षातून दोनदा, नियम तीनदा म्हणत असला तरी. वर्षातून एकदा फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा, तपासावा. तो ३० च्या खाली गेला की एक फेरी सोडावी आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन महिने गोळ्या घ्याव्यात. रक्तपेढीत हिमोग्लोबिन पाहतात, फेरिटिन पाहत नाहीत, आणि हिमोग्लोबिन अगदी शेवटी घसरतं. तोवर साठ्याचा तळ लागलेला असतो. थकवा, केस गळणं, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं ही त्याची आधीची लक्षणं.

खाण्याबद्दल: बीट आणि सफरचंदावर फार विसंबू नये, रंग लाल असला तरी लोह किरकोळ. हळीव, बाजरी, राजगिऱ्याची पालेभाजी, मटकी, चवळी, तीळ यांत ते जास्त आहे, पण वनस्पतीतलं लोह सहज मुरत नाही. उसळीवर लिंबू पिळलं की मुरायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेतला की उलट होतं. नाश्त्याला पोहे आणि लगेच कपभर चहा ही आपली जोडी लोहाच्या बाबतीत वाईटच. निदान तासभर अंतर ठेवावं. मटण-मासे खाणाऱ्यांना हे सोपं जातं, कलेजी तर फारच. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये. शौचाला काळं होणं हे गोळीचं लक्षण आहे, घाबरून बंद करू नये.

परत पाठवलं तर

नाकारणं म्हणजे कायमचा शिक्का नव्हे. बहुतेक कारणं तात्पुरती आणि मुदतीची असतात. मलेरिया बरा झाल्यापासून तीन महिने, डेंगू किंवा चिकनगुन्यानंतर सहा महिने, टायफॉइडनंतर बारा महिने. दात काढला तर सहा महिने, मोठी शस्त्रक्रिया असेल तर बारा. गोंदण, नाक-कान टोचणं, अ‍ॅक्युपंक्चर: बारा महिने. कुत्रा चावून रेबीजची लस घेतली असेल तर वर्षभर. बाळंतपणानंतर बारा महिने, आणि अंगावर पाजत असेपर्यंत नाही. पाळीच्या दिवसांतही थांबायला सांगतात. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात असेल आणि महिनाभरात गोळी बदललेली नसेल तर चालतं. इन्सुलिन चालू असेल तर नाही. अ‍ॅस्पिरिन तीन दिवसांत घेतली असेल तर सांगावं, त्या पिशवीच्या प्लेटलेट्स करत नाहीत. सर्दी-खोकला पुरता गेला की मगच.

आपल्याकडचं एक कारण परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही: उपास. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रोजे. उपास धरलेल्या माणसाने रक्त द्यायचं नाही, साबुदाण्याची खिचडी खाल्ली असली तरी. दिवस निवडताना पंचांग बघायचं असेल तर यासाठी बघावं. रात्रपाळी करून थेट सकाळी जाऊ नये. एसटी, ट्रक चालवणाऱ्यांनी आणि अग्निशमन दलासारख्या कामावर असणाऱ्यांनी पुढच्या ड्युटीआधी २४ तास मोकळे ठेवावेत.

एक गोष्ट स्पष्ट: ‘एचआयव्हीची तपासणी फुकट होते’ म्हणून रक्त देऊ नये. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया या पाच तपासण्या प्रत्येक पिशवीवर सक्तीच्या आहेत, पण नुकताच लागलेला संसर्ग काही दिवस कोणत्याच तपासणीत दिसत नाही. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रात मोफत आणि गुप्त तपासणी होते, तिथे जावं. मित्रांच्या घोळक्यात फॉर्मवर खरं लिहिता आलं नसेल, तर नंतर पेढीला फोन करून ‘माझी पिशवी वापरू नका’ एवढं सांगितलं तरी पुरे. मोबाइल नंबर बदलला तर तोही कळवावा. तपासणीत काही निघालं तर समुपदेशक त्याच नंबरवर बोलावतात.

ई-रक्तकोष: पत्ता शोधायला छान, आठवण करायला नाही

केंद्र सरकारचं हे संकेतस्थळ २०१६ पासून आहे, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेलं. राज्य, जिल्हा, गट आणि घटक निवडला की कुठल्या पेढीत किती पिशव्या आहेत ते दिसतं. पेढ्यांची यादी पत्ता आणि फोनसह मिळते, येत्या शिबिरांच्या तारखाही. बदली होऊन नव्या शहरात गेलेल्या दात्याला जवळची पेढी शोधायला याहून बरी जागा नाही. रात्री दोनला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘तातडीने बी निगेटिव्ह हवं’ छापाच्या, बऱ्याचदा महिनोन्‌महिने जुन्या निरोपांपेक्षा तर हजारपट विश्वासार्ह.

पण साठ्याचा आकडा पेढीने भरला तेवढाच ताजा. पडद्यावर ‘उपलब्ध’ दिसलं म्हणून नातेवाइकाला थेट पाठवू नये, आधी फोन करावा. आणि सवयीच्या कसोटीवर ते कमी पडतं. तुमची ९० दिवसांची तारीख आली म्हणून कोणी मागे लागेल, या भरवशावर राहू नये. ते काम एखादी चांगली पेढी करते, नाहीतर तुमचा फोन.

प्लेटलेट्स: सरावलेल्या दात्यासाठी

दोन-चार वेळा रक्त देऊन झालं की पेढीत प्लेटलेट दाता म्हणून नाव नोंदवावं. यंत्र रक्त काढतं, प्लेटलेट्स वेगळ्या करतं आणि बाकीचं परत अंगात सोडतं. तासाभरापासून दीड तास लागतो. वजन ५० किलो, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर आणि शिरा ठळक हव्यात. दोन वेळांत ४८ तासांचं अंतर पुरतं, वर्षाला २४ ची मर्यादा. साधं रक्त दिल्यानंतर मात्र २८ दिवस थांबायचं, आणि यंत्राने लाल पेशी पूर्ण परत दिल्या असतील तर प्लेटलेट्सनंतर साधं रक्त द्यायलाही २८ दिवस.

लोह यात फारसं जात नाही, हा मोठा फायदा. त्रास होतो तो सायट्रेटचा, म्हणजे यंत्रात रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या द्रावणाचा: ओठ आणि बोटं झिणझिणतात, क्वचित पोटात ढवळतं. कॅल्शियम तात्पुरतं उतरल्याने हे होतं. सांगितलं की यंत्राचा वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी चघळायला देतात. गप्प बसून सहन करणारे दातेच पुढे ‘मला झेपत नाही’ म्हणून सोडून देतात. अडचण एकच, बोलावणं अवेळी येतं. कर्करोगाच्या रुग्णासाठी किंवा पावसाळ्यात डेंगूच्या रुग्णासाठी त्याच दिवशी लागतात, आणि ५ दिवसांच्या वर साठवता येत नाहीत.

कार्ड आणि पैसे

रक्त विकता येत नाही. पेढी घेते ते तपासणी आणि प्रक्रियेचे पैसे. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना प्रक्रिया शुल्कही माफ असतं. दाता कार्डावर काय मिळतं ते पेढीगणिक बदलतं: कुठे वर्षभरात एक पिशवी बदल्यात दुसरा दाता न आणता, कुठे शुल्कात सूट, कुठे फक्त प्रमाणपत्र. कार्ड घेतानाच विचारावं, मुदत कार्डावर लिहून घ्यावी.

तारखा

स्त्रियांसाठी २० जानेवारी, २० मे, २० सप्टेंबर या तीन तारखांत प्रत्येक वेळी १२० किंवा अधिक दिवस भरतात. दोनदाच द्यायचं ठरवलं तर मे सोडू नये, जानेवारी सोडावा. पुरुषांसाठी १५ फेब्रुवारी, १७ मे, १७ ऑगस्ट, १७ नोव्हेंबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरोबर ९० भरतात, मधे एकही दिवस शिल्लक नाही, तेव्हा एखादी फेरी उशिरा झाली की पुढच्या सगळ्या तेवढ्याच पुढे ढकलाव्यात. तीनदा देणाऱ्याने ऑगस्ट वगळावा, तेव्हा १५ तारखेची शिबिरं होऊन गेलेली असतात आणि पेढ्यांचे फ्रीज भरलेले असतात. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत जावं, ताक किंवा लिंबू-सरबत पिऊन, आणि परतताना दुचाकी दुसऱ्याला चालवायला द्यावी.